डोक्यावर परत न आलेला उपग्रह

मंडळी, आजची फजिती वाचनालयाच्या या फळ्यावर लिहिल्याशिवाय मला झोप यायची नाही.

सांजेला आपल्या सानगडी गावाच्या आभाळातून उपग्रह सरकताना आपण पाहिला. मी छाती ठोकून म्हणालो, "थांबा, दीड तासात पृथ्वीला फेरा मारून डोक्यावरच येते!" माना दुखल्या, पण तो आलाच नाही. शेजारचा दामू हसला, "काका, सासुरवाडीले मुक्काम केला काय त्यानं?"

तोंड पाडून घरी आलो नि बायकोला सारं सांगितलं. ती सुताचा गोळा गुंडाळत होती. म्हणाली, "गोळा मी हातात फिरवून राहिली, म्हणून नवा फेरा जुन्याच्या बाजूले पडते. तुमची पृथ्वी काय थांबली होती?"

खरंच की! तो आपल्या फेऱ्यावरच होता. सानगडीच तोवर पृथ्वीबरोबर फिरून पूर्वेला सरकली होती.

उद्या सांजेला पुन्हा पाहू. आभाळात कुठं बघायचं, ते या खेपेला तीच सांगेल. मग तरी येता ना?