दिगंबर मास्तरांची इज्जत

येडशीजवळच्या आमच्या गावात शाळेतनं सुटून आलेलं पोरगं दिसलं, की लोक विचारायचे, "कितवा नंबर?" दिगंबर मास्तर मात्र विचारायचे, "जेवण जातंय का रे?" उंच, काटकुळे, निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले आमचे मास्तर. "नंबर आज हाय, उद्या न्हाय. तबियत दुरुस्त पायजे," असं म्हणून पानाला चुना लावायला लागायचे. आम्ही पोरं त्यांच्या मागं हसायचो.

मास्तरांनंतर गावातनं कॉलेजला जाणारा मी पहिलाच. पुण्याला निघालो तेव्हा गावानं हलगी वाजवत मला स्टेशनावर पोचवलं. तिथं गेल्यावर इंग्रजीचं अक्षर कळेना, आणि तोंड उघडलं की पोरं माझ्या बोलण्याची नक्कल करत. हळूहळू झोप उडाली, जेवण जाईना, छातीत सारखी धडधड. शेवटी एक दिवस कुणाला न सांगता गाडीत बसलो आणि घरी आलो.

घरी तर आणखी पंचाईत! मला बघून वडील बाजेवरनं उठले आणि म्हणाले, "बसा." सख्खा बाप हो! आईनं मला एकट्याला आधी वाढलं, तेही भात, बाकीच्यांना भाकरी. आपल्याच घरात पाहुणा झाल्यावर रडायचं कुणापुढं? मी बोलणंच टाकलं. दिवसदिवस विहिरीच्या काठावर बसून राहायचो, आणि मनात काय यायचं ते आजही सांगवत नाही. आईला ते कळलं असावं, कारण ती माझी पाठ सोडत नव्हती. गावानं मात्र निकाल दिला, की पोराला बाहेरची बाधा झालीय, चाबकानं भूत उतरवणाऱ्या देवऋष्याकडं न्या.

गाडीला बैल जुंपले, गाव गोळा झालं, आणि मास्तर वडिलांना आडवे आले.

"किसनराव, भूतबीत काय न्हाय. मला बी ह्येच झालतं."

आजारी बापाची सेवा करायला मास्तरांनी हैदराबादचं कॉलेज सोडलं, असं गाव मानत होतं. आया आपल्या पोरांना त्यांचा दाखला द्यायच्या.

"खोटं हाय त्ये," मास्तर म्हणाले. "बाप ठणठणीत होता. म्याच घाबरून पळून आलो आन् लाजंपायी बापाचं नाव फुडं केलं. किसनराव, पोराला देव्हाऱ्यात बसवलंय तुम्ही. देवाला 'माझा जीव घाबरतोय' म्हणता येतंय व्हय?"

वडील मला पोटाशी धरून हमसून हमसून रडले, आणि मीही.

मास्तरांनी मला धाराशिवच्या डॉक्टरकडं नेलं. रोज संध्याकाळी रामलिंगाच्या वाटेनं फिरवत इंग्रजी घोटून घेतलं, शिव्याही भरपूर दिल्या. लोक त्यांना मागं 'पळपुटा मास्तर' म्हणायला लागले होते. मी तसं बोलून दाखवलं तर हसून म्हणाले, "म्हणंनात का! इज्जत धुतली की पुन्हा वापरता येती. जीव दुसरा मिळत न्हाय."

जूनमध्ये ते मला येडशीच्या स्टेशनावर सोडायला आले. मी विचारलं, "मास्तर, पुन्हा तसंच झालं तर?"

"तर ये की परत! पर सांगून ये. तुझा बाप हाय, मी हाय."

मी पदवी घेऊनच आलो. त्याआधीच मास्तर गेले होते. परत यायची मुभा होती, म्हणूनच मी तिथं टिकलो. मास्तरांना ती कुणी दिली नव्हती.