सशासाठी आणलेलं स्थळ

भाचीला पुण्याला नोकरी लागली आणि तिचा पांढरा ससा माझ्याकडे आला. मी रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, तेलीबांध्याच्या फ्लॅटमध्ये एकटी राहणारी बाई. रिकामी जागा दिसली की आमच्या घरचे तिथे सामान आणून ठेवतात, तसा तो ठेवला गेला.

ससा शहाणा होता. दुपारी कूलरसमोर पाय पसरून पडायचा. संध्याकाळी मी चहा घेत बसले की येऊन माझ्या अंगठ्याला नाक लावायचा. आमचं बरं चाललं होतं. मग भाचीनं मोबाइलवर काहीतरी वाचलं आणि तिचा फोन आला. इथे हिंदी मुलखात वाढलेली ती, बोलते हिंदीतच. "आत्या, खरगोश अकेला नहीं रह सकता. अंदर से टूट जाता है."

रविवारी दादा आणि वहिनी पुरानी बस्तीतून आले. वहिनी सशाकडे बघत म्हणाली, "कसा उदास दिसून राहिला बिचारा. एकट्यानं राहणं म्हणजे काय जगणं हाय?"

हे ती माझ्या सोफ्यावर बसून, माझ्या हातचे पोहे खात म्हणाली. माझ्या एकटेपणाबद्दल घरात कुणाचीच तक्रार नव्हती; कुणी आजारी पडलं की दवाखान्यात थांबायला हक्काचं माणूस मिळायचं. एकदाच त्यांना माझी काळजी वाटली होती. सिलतऱ्याच्या कारखान्यातल्या एका विधुर सुपरवायझरला वहिनीनं घरी बोलावलं आणि मला काही न सांगता भजी तळायला बोलावून घेतलं. गृहस्थ भजी खाऊन गेले, ते गेलेच.

सशाच्या बाबतीतही तीच पद्धत. पुढच्या रविवारी दोघं टोपलीतून एक तपकिरी ससा घेऊन आले. मादी आहे, असं दुकानदारानं छातीठोक सांगितलं होतं. मी म्हटलं, निदान काही दिवस वेगळं ठेवू. वहिनीला ते पटलं नाही. लग्नाआधी तिनं तरी दादाला कुठं पाहिलं होतं, असं ती म्हणाली. दादा पंख्याकडे बघत राहिला.

पिंजऱ्यात सोडताच दोघं एकमेकांवर तुटून पडले. केसांचे पुंजके उडाले, तपकिऱ्याचा कान फाटला, सोडवायला गेलेल्या दादाचं बोट चावलं गेलं. वहिनी त्याला इंजेक्शन द्यायला घेऊन गेली. दोन्ही ससे माझ्याकडे राहिले.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी कानाला औषध लावलं, तपकिऱ्याला उलटं करून पाहिलं आणि हाही नरच असल्याचं सांगितलं. सशांना सोबत लागते, हे त्यांनीही मान्य केलं. पण आधी दोघांची नसबंदी, मग मध्ये जाळी ठेवून शेजारी शेजारी पिंजरे, आणि मग दोघांनाही अनोळखी अशा जागी थोडी थोडी भेट. असं एकदम एकत्र कुणी सोडलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, घरच्यांनी.

ते सगळं मी केलं. वासाची सवय व्हावी म्हणून त्यांची फडकी अदलाबदल केली. बाथरूममध्ये जुनी चादर अंथरून, हातात टॉवेल घेऊन पाटावर बसून राहिले. कितीतरी दिवस ते एकमेकांकडे पाठ करून बसायचे, नाहीतर पाठलाग करायचे. मग एका दुपारी पांढऱ्यानं मान खाली घातली आणि तपकिऱ्यानं त्याचं कपाळ चाटलं. मला फार बरं वाटलं. भाचीचं खरं निघालं होतं, हे कबूल करणं मात्र जड गेलं. आणि त्या संध्याकाळी माझ्या अंगठ्याकडे कुणी फिरकलं नाही, तेही मनाला लागलं.

वहिनीनं ही जोडी आपण जमवली असं साऱ्या पाऱ्यात, म्हणजे अख्ख्या मोहल्ल्यात, सांगितलं आणि भजनी मंडळातल्या बायकांना दाखवायला घेऊन आली. मी चहा ठेवला. पिल्लं कधी होणार, असं एकीनं विचारलं.

"दोघंही नर हायेत," मी म्हटलं. "नसबंदी झालेले."

"हे सांगाची काय गरज होती?" वहिनी पुटपुटली.

सगळ्यांनी कपात डोकी घातली. त्यांच्यातली सर्वांत म्हातारी बाई तेवढी वाकून, अंगाला अंग लावून झोपलेल्या सशांकडे बघत होती.

"आता भांडत नाहीत?" तिनं विचारलं.

"नाही."

"अन् आधी मधात जाळी होती म्हणता?"

"हव. बरेच दिवस."

"आमच्या वेळी नव्हती बाई अशी सोय," ती म्हणाली आणि तिनं आणखी अर्धा कप चहा मागितला.