सुई आणि नवस

अकोटच्या स्टँडवर अमरावतीची एसटी लागली. आईने खिडकीतून डबा आत दिला आणि म्हणाली, "सुई चुकवत नाई मी. तू तुह्या अभ्यासाचं पाह्य." घरून रोज ये-जा करून केलेली अकोल्याच्या दवाखान्यातली स्टाफ नर्सची नोकरी सोडून मी एम.एस्सी. नर्सिंगला निघाले होते. मला वॉर्डात नुसतं राबायचं नव्हतं. वॉर्ड चालवायचा होता, मुलींना शिकवायचं होतं. तोवर आईला इन्सुलिन मीच टोचत असे. निघण्याआधी तिला ते स्वतः घ्यायला शिकवलं. आधी करून दाखवलं, मग तिच्याकडून करून घेतलं. समोर ताट वाढलेलं असल्याशिवाय सुई घ्यायची नाही, हेही बजावलं. शाळा अर्ध्यात सुटलेली बाई, पण हात जरासुद्धा थरथरला नाही. माझी पहिली विद्यार्थिनी तीच.

राजापेठेत मी एका मैत्रिणीबरोबर खोली घेतली. खाली ट्यूशन क्लास आणि दिवसभर दुचाक्यांचे हॉर्न. सेमिनार, लेसन प्लॅन, इव्हॅल्युएशन करता करता माझी जीभ इतकी पुस्तकी झाली की फोनवर दादा चिडवायचा, "मॅडम, आमच्या संग जरा मराठीत बोला." वाईट वाटायचं, आणि खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटायचं. माझ्या प्रबंधाचा विषय होता, मधुमेही बायकांना इन्सुलिन घ्यायला कसं शिकवावं. वस्त्यावस्त्यांतून फिरून मी परक्या बायकांना खोदून खोदून विचारत असे, उपवास धरता का, कोणता धरता. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

शेवटच्या पेपरच्या सकाळी आईला फोन केला.

"सुई घेतली?"

"घेतली."

"जेवलीस?"

"जेवली ना. जाय तू, पेपर आहे तुहा."

पहिलं उत्तर खरं होतं. मी पास व्हावं म्हणून तिने त्या दिवशी निरंकार उपवासाचा नवस बोलला होता आणि मी रागावेन म्हणून लपवला होता. मला दिलेला शब्द तिने पाळला, देवाला दिलेलाही पाळला. अंगात इन्सुलिन आणि पोटात पाण्याचा थेंब नाही. दादा-वहिनी दुपारी शेतातून आले, तेव्हा ती देवासमोर निपचित पडलेली होती. अकोल्याला नेईपर्यंत उशीर झाला. रक्तातली साखर फार वेळ उतरली की मेंदूचं काय होतं, हे मी त्याच परीक्षेत लिहून आले होते.

मी पास झाले. नवस फळला म्हणतात शेजारणी. त्यांचं मन चांगलं आहे, पण मला तिथून उठून जावंसं वाटतं.

आता मी अमरावतीतच नर्सिंग कॉलेजात ट्यूटर आहे. मुली मॅडम म्हणतात. पेशंटला शिकवणं हा धडा आला की मी तो दुसऱ्या मॅडमना देते. गाव सोडून शिकायला गेलेल्या तुम्हां सगळ्यांना वाटत असेल, मागे घर आहे तसंच राहतं. मलाही वाटायचं.

सुट्टी मिळाली की अकोटला जाते. आई हिंडते-फिरते, वाढलं की जेवते. पण माणसं तिला ओळखू येत नाहीत. एरवी सुई वहिनी देते, मी असले की पुन्हा मीच. मागच्या खेपेला तिने दंड पुढे केला आणि विचारलं, "कोन्या गावच्या तुमी, सिस्टर?"

"अकोटचीच."

तिचा चेहरा एकदम खुलला. "माही पोरगी बी सिस्टर हाय. अमरावतीले शिकून राहिली. पेपर झाले का येईन घरी."

मी तिच्यापुढे ताट ठेवलं. घर म्हणजे आता माझ्यासाठी ती एक जागा, जिथे आई रोज माझी वाट पाहते, आणि मी तिच्यासमोर बसूनही अजून आलेली नाही.