पहिला डबा

फलटणला आमच्या गल्लीत गिरण चालवणाऱ्या बाई कानांवरून पदर घट्ट गुंडाळतात आणि गिरण बंद असली तरी ओरडूनच बोलतात. पीठ चिमटीत चोळून बघितल्याशिवाय डबा कुणाच्या हातात देत नाहीत. रांगेत कितीही डबे असोत, माझं दळण मात्र आधी. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो. माणसं अशी का वागतात हे सांगताना वर्गात बाईंचंच उदाहरण द्यायचो. शिकलेल्या माणसाला मान दिला की आपलाही वाढतो, असं त्यांना वाटतं, म्हणायचो.

परवा रांगेतली एक म्हातारी कावली. "सरांचंच का गं दरवेळी आधी?"

"आवं मावशी, त्यांची आई हातरुणावर हाय. घरात दुसरं कोण न्हाई. सर लवकर गेल्यालं बरं."

म्हातारीनं स्वतःच माझा डबा पुढे सरकवला.

दळण घेऊन निघालो. कोपऱ्यावरच्या टपरीवाल्यानं मला बघून नेहमीसारखा चहा ओतला. दळण लवकर झालं की अर्धा-पाऊण तास मी तिथंच गप्पा मारत बसतो.

आई विचारते, उशीर का झाला? मी सांगतो, गिरणीत फार गर्दी होती.