माझ्या भावाचं एक वाक्य

आमच्या विद्यापीठाचं संशोधन आता परदेशातही वाचलं जातं, असं मागच्या वर्षी भरल्या सभागृहात सांगितलं गेलं आणि माझ्या गाईड सरांच्या खांद्यावर शाल पडली. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. मी सौंसरच्या एका कॉलेजात तात्पुरती शिकवणारी, म्हणजे अतिथी विद्वान आहे. अतिथी म्हणजे पाहुणी, आणि पाहुणीला कधी उठ म्हणतील याचा नेम नाही, म्हणून टाळ्या वाजवाव्या लागतात. ज्या निबंधासाठी शाल मिळाली तो पांढुर्ण्याच्या गोटमारीवर आहे आणि त्यातला मुख्य माणूस माझा थोरला भाऊ आहे. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. माहिती देणाऱ्याचं नाव उघड करायचं नाही हा संशोधनाचा नियम आहे, आणि तेवढा एकच नियम त्यांनी कसोशीनं पाळला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात. अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव, आणि दिवसभर दोन्ही काठांवरून एकमेकांवर गोटे; हीच गोटमार. भाऊ गोटे मारणाऱ्यांतला कधीच नव्हता. आमच्या वडिलांनी विहारासमोर बसवून आम्हां दोघांकडून तशी शपथच घेतली होती. पण बघायला सगळं गाव जातं, तसा तोही गेला आणि पुलाच्या कडेला उभा राहिला. एक गोटा त्याच्या उजव्या डोळ्यावर बसला. कोणीतरी रिवाजाप्रमाणे देवीच्या देवळातली राख आणून जखमेवर लावली. नदीकाठी त्या दिवसापुरत्या घातलेल्या दवाखान्याच्या मांडवात पट्टी झाली, मग गाडी शोधण्यात वेळ गेला, आणि आम्ही त्याला नागपूरला नेलं तोवर दिवे लागले होते. तिथले डॉक्टर म्हणाले, जरा आधी दाखवलं असतं तर डोळा राहिला असता.

भावाला डोळ्यापेक्षा ते 'जरा आधी' जास्त लागलं. नगरपालिकेच्या नळाला पाणी सोडायची त्याची नोकरी. कुठली कळ कधी फिरवली की पाणी कुठं पोचतं, यातच त्याचा जन्म गेलेला. घरी आल्यावर तो मला म्हणाला, "डोयाचा डाक्टर नदीवरच असता तं मी दोन्ही डोयानं तुले पाहत असतो. गोटमार काही बंद होत नाई. डाक्टर तं बसवता येते ना?" तेव्हापासून त्याची जगाकडे एवढीच मागणी आहे.

पुढं मी पीएच.डी.ला नाव नोंदवलं आणि सरांना विषयापेक्षा माझं गाव जास्त आवडलं. ते पहिल्यांदा घरी आले त्या दिवशी भावानं इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि शेजारून दोन खुर्च्या आणल्या होत्या. वहिनीनं संत्री सोलून ठेवली. सरांनी विचारलं, दगड कोणी मारला? भाऊ हसला. आमच्याकडे हे कोणी विचारत नाही. डोकं फुटो, हात मोडो, दुसऱ्या दिवशी ना पोलिसात तक्रार, ना मनात अढी. नदीच्या दोन्ही काठांना लेकी दिलेल्या आहेत, नाव घ्यायचं तरी कोणाचं?

"कोन्या हाताचा होता हे नाई इचारत, सर," भाऊ म्हणाला. "गोटा नदीचा असते."

सरांनी पुन्हा विचारलं, वेगळ्या शब्दांत विचारलं, रेकॉर्डर बंद करून विचारलं. भाऊ नुसता हसत राहिला. वहिनी माहेरची सावरगावची. ती आतून म्हणाली, "माह्या गावानं एक डोया घेतला अन् एक पोरगी देली. हिशोब बराबर झाला म्हना त्याइले." लग्न अपघातानंतरचं होतं, म्हणून ही तिची नेहमीची थट्टा. सगळे हसले. निघताना भावानं सरांचा हात धरला आणि म्हणाला, "तुमी लिहून राहिले ना, तं एवढं एक लिहा. गोटमारीच्या दिवशी नदीवर डोयाचा डाक्टर पाह्यजे." सर म्हणाले, जरूर.

निबंध छापून आला. त्यात लिहिलं होतं की पीडित व्यक्ती भीतीपोटी हल्लेखोराचं नाव सांगू शकत नाही. वहिनीच्या थट्टेतून असा निष्कर्ष निघाला होता की इथं वैर मिटवण्यासाठी मुली दिल्या जातात. मी सरांपुढे वाद घातला. माझा आवाज चढला, तो मला अजून आठवतो. सर शांतपणे म्हणाले, तुम्ही तिथल्या आहात म्हणून तुम्हाला ती भीती दिसत नाही. म्हणजे मी जन्मभर त्या नदीचं पाणी प्यायले, म्हणून मला नदी कळत नाही!

मग ती भीती प्रवासाला निघाली. दुसऱ्या विद्यापीठातल्या कोणीतरी सरांचा दाखला दिला, तिसऱ्यानं त्या दुसऱ्याचा. गावात पाय न ठेवलेल्या माणसांनी माझ्या भावाच्या भीतीवर प्रकरणं लिहिली. जितके दाखले, तितका विद्यापीठाचा प्रभाव मोठा, आणि प्रभाव मोठा म्हणून दरवर्षी नवे विद्यार्थी पांढुर्ण्याला पाठवले जाऊ लागले. ते सगळे भावाकडेच यायचे, कारण पत्ता ठरलेला होता. भाऊ शर्ट घालायचा, खुर्च्या आणायचा, सगळं पहिल्यापासून सांगायचा आणि शेवटी ते एक वाक्य सांगायचा. नवीन काही छापून आलं की मला फोन यायचा, "माहं ते आलं का ग बाई?"

"अजून नाही, भाऊ. येईल."

येईल असं मला खरंच वाटायचं. इतक्या पानांत एक ओळ मावणार नाही, असं कसं होईल?

वहिनीला मात्र कधीच वाटलं नाही. एकदा ती चहा ओतता ओतता म्हणाली, "आंधयं दयते अन् कुत्रं पीठ खाते." भाऊ म्हणाला, "मी आंधया नाई, काना हाय. अर्धं पीठ तरी आपल्याले पाह्यजे."

माझ्या प्रबंधात मी ते वाक्य घातलंच. चांगलं ठसठशीत, निष्कर्षांच्या प्रकरणात. सरांनी त्यावर लाल रेघ मारली. म्हणाले, "मॅडम, हा प्रबंध आहे, अर्ज नाही." मी ते सूचनांच्या प्रकरणात ढकललं, शेवटून दुसऱ्या पानावर, आणि तिथं ते राहू दिलं गेलं, कारण सूचना कोणी वाचत नाही. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला मराठी आणि हिंदीच्या सरमिसळीबद्दल एक प्रश्न विचारला आणि जेवायला गेले. मी डॉक्टर झाले. भाऊ पेढे घेऊन आला आणि म्हणाला, "नदीवर डाक्टर पाह्यजे होता, तं घरात झाला." तो हसला.

त्यानंतरही पोळा येत राहिला, नदीवर मांडव पडत राहिला. दर वेळी भाऊ तिथं जाऊन विचारून यायचा, डोळ्याचा कोणी आहे का? नाही म्हटल्यावर घरी येऊन दार लावून झोपायचा. गेल्या खेपेला तो विचारायला गेलाच नाही.

मी त्या आठवड्यात पांढुर्ण्यालाच होते. विद्यापीठातून एक नवी मुलगी आली, सरांचीच विद्यार्थिनी, हुशार, नम्र, आल्या आल्या वहिनीच्या पाया पडली. भावानं शर्ट बदलला नाही. ती खाटेवर बसली, तो दारात. तिनं विचारलं, दगड कोणी मारला?

मी वाट पाहत होते की तो हसेल आणि म्हणेल, गोटा नदीचा असतो. तो मान खाली घालून म्हणाला, "नाव नाई सांगू शकत, मॅडम. भेव वाटते."

मुलगी पुढं सरकून लिहू लागली. वहिनी आतून बाहेर आली आणि दाराला धरून उभी राहिली. पोरी वैर मिटवायला देतात का, या प्रश्नालाही भाऊ होय म्हणाला. वहिनीनं त्याच्याकडे पाहिलं आणि परत आत गेली. मुलीनं शेवटी नियमाप्रमाणे विचारलं, आणखी काही सांगायचंय का? मी भावाकडे पाहिलं. माझ्या तोंडाशी ते वाक्य आलं होतं, पण ते त्याचं होतं, त्यानंच सांगायला हवं होतं.

"नाई," भाऊ म्हणाला. "बस एवढंच."

मी मुलीला बसस्टँडवर सोडायला गेले. ती फार खूश होती. म्हणाली, "ताई, सरांनी लिहिलंय अगदी तसंच निघालं सगळं."