काकूंची चाल

आमच्या व्हिडिओ-खेळात एक बाई वेळ अमावस्येच्या शेतपूजेला डोक्यावर आंबिलीचं मडकं घेऊन शेतावर जाते. आंबील सांडली की खेळ खलास. पडद्यावरचं सगळं हलवणारं इंजिन मैत्रिणीनं लातूरला बसून एकटीनं लिहिलं होतं. नव्या कन्सोलसाठी ते पुन्हा बांधायचं काम नांदेडला माझ्याकडे आलं. माझ्या जिभेला तसंही हाड नाही. तिची एकेक ओळ उकरायची आणि फोनवर टोमणे मारायचे, असं चाललं होतं.

ती बाई दर पावलाला किंचित थबकायची. मैत्रिणीनं ते थबकणं फ्रेम, म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणारी चित्रं, मोजून बसवलं होतं. नवं यंत्र फ्रेम दुप्पट वेगानं काढतं, त्यामुळे बाई उचकी लागल्यासारखी चालायला लागली. मी म्हटलं, जुन्या इंजिनाची खोड. विचारायचंही सुचलं नाही. थबकणं उपटून टाकलं आणि वर मैत्रिणीला मोघम कळवलं, तुझा कचरा साफ केला.

वेळ अमावस्येला तिनं मला किल्लारीला, माहेरी बोलावलं. संध्याकाळी तिच्या आईला नवा खेळ दाखवायचा होता. काकूंना मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं. सकाळी त्या मडकं डोक्यावर घेऊन शेताकडे निघाल्या, मी मागे. भूकंपात चेंगरलेला पाय ओढत, दर पावलाला किंचित थबकत त्या चालत होत्या. मी उपटून टाकलेली चाल ती हीच. सांगायला अख्खा दिवस होता. तो मी पालेभाज्यांची भज्जी खाण्यात आणि आंबील पिण्यात घालवला.

संध्याकाळी काकूंनी गल्लीतल्या बायका गोळा केल्या. "माज्या लेकीनं मला टीव्हीत घातलंय," त्या प्रत्येकीला सांगत होत्या. खेळ सुरू झाला. पडद्यावरची बाई ताठ, भराभर चालत शेतात पोचली. काकू पुढं सरकून बघत होत्या.

"मी कवा येनार गं?"

मैत्रिणीनं माझ्याकडे पाहिलं. मी टीव्हीच्या वायरकडे.

"तुमची चाल मी काढून टाकली, काकू," कसंबसं म्हणाले. "मला ती चूक वाटली." इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

बायका उठून गेल्या. काकूंनी उरलेली भज्जी माझ्या डब्यात भरली, झाकण दाबून बसवलं.

"खेळ चांगला हाय पोरी," त्या म्हणाल्या. "मी नसले तरी चांगला हाय."