रिपोर्ट नॉर्मल आला

खांदा कॉलनीतल्या आमच्या सोसायटीत मी एका माणसाच्या कानाखाली वाजवली. कारण पार्किंग. तो तळमजल्यावर राहतो, मूळचा उरणकडचा कोळी, जासईला कंटेनर यार्डात कामाला. माझ्या जागेत त्याने स्कूटर लावली होती. माझ्यापेक्षा दुप्पट ताकदीचा गडी, पण त्याने हात उचलला नाही. "तुमी शिकलेली मानसं," एवढंच म्हणाला. त्याची लहान मुलगी शेजारीच उभी होती.

बायकोने मला सकारात्मक विचारांच्या क्लासला घातलं. तिथले सर सतत हसायचे. आरशात बघून ‘मी शांत आहे’ असं रोज एकवीस वेळा म्हणायचं. दहा-बारा वेळा म्हणून झालं की मला आरसाच फोडावासा वाटे. डोळे मिटून पुटपुटणाऱ्या त्या पुरुषांचा तर तिटकारा आला. क्लास सुटला की हेच लोक गाडी काढताना एकमेकांना शिव्या घालायचे.

मग मोबाइलवर वाचलं, पुरुषांचा राग टेस्टोस्टेरॉनमुळे असतो. मला हायसं वाटलं. म्हणजे दोष माझा नव्हता, रक्ताचा होता. तपासणी करून घेतली आणि बायकोला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

"नॉर्मल आहे. जरा कमीच म्हणा," त्या म्हणाल्या.

"मग एवढा राग कशाने येतो?"

"ऑफिसात साहेबांवर कधी हात उगारलात?"

"छे!"

"मग हा हार्मोन ऑफिसात रजेवर असतो का?"

बायको खुदकन हसली. बाहेर आल्यावर मी तिच्यावर खेकसलो, "चारचौघांत हसायला लाज नाही वाटत?" तिने रिक्षा थांबवली आणि एकटी निघून गेली. बाइकची किल्ली हातात धरून मी भर रस्त्यात उभा. त्या डॉक्टरणीचा संताप आला. नंतर स्वतःचा.

त्याच संध्याकाळी तळमजल्यावरची बेल वाजवली. त्याने दार अर्धंच उघडलं.

"माफी मागायला आलोय."

"मना नको. पोरीला सांगा. तिच्यासमोर मारलंत ना?"

त्याने मुलीला हाक मारली. ती बापाचा शर्ट धरून उभी राहिली. "माझं चुकलं," मी म्हणालो. ती माझ्या हातांकडेच बघत होती.

"झालं? जा आता," म्हणून त्याने दार लावलं.

क्लास मी सोडला. तळमजल्यावरचा तो अजून माझ्याशी बोलत नाही. मलाही तो आवडत नाही.